नवीन साइटवर नंबर टाकला आणि पत्ता आपोआप आला. हे दुकान मला ओळखतं कसं?

सायसाखर
मंडळी, एक शंका आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

इन्स्टावर इरकल कापडाच्या कुर्त्यांची जाहिरात दिसली म्हणून एका साइटवर गेले. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण प्रश्न त्या एका साइटचा नसावा असं वाटतंय. या साइटवर मी पहिल्यांदाच जात होते. खातं नाही, आधीची खरेदी नाही, काही नाही. कुर्ता निवडला, 'खरेदी करा' दाबलं. मोबाइल नंबर मागितला, दिला. ओटीपी आला, टाकला. आणि पुढच्या पानावर माझं नाव, आडनाव, सोसायटी, विंग, फ्लॅट नंबर, पिनकोड सगळं भरून तयार! वर आणखी एक पत्ता, ठाण्यातल्या भाड्याच्या घराचा. ते घर सोडून नाशिकला आलो तेव्हाच तो पत्ता संपला होता माझ्या लेखी.

दचकून टॅब बंद केला. ऑर्डर केली नाही. थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवर मेसेज: 'तुमचा कुर्ता तुमची वाट बघतोय! आज घेतल्यास १०% सूट.'

माझे प्रश्न दोन. पत्ता यांना कुठून मिळाला? आणि मी काही विकत घेतलेलं नसताना हे मला मेसेज कसा करू शकतात?

बोका
कुर्ता वाट बघतोय =)) नशीबवान आहात, आमची कोणी बघत नाही.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

नीलमोहर
ब्राउझरचं ऑटोफिल असेल हो. क्रोम सगळे पत्ते लक्षात ठेवतं. उगाच घाबरू नका.

सायसाखर
नाही नीलमोहर, मलाही आधी तेच वाटलं होतं. ऑटोफिल बंद आहे. नवऱ्याच्या लॅपटॉपवर इन्कॉग्निटोमध्ये तोच प्रकार करून पाहिला. नंबर माझा, ओटीपी माझ्या फोनवर, आणि त्याच्या स्क्रीनवर माझे दोन्ही पत्ते हजर.

शून्य_एक
ब्राउझर नाहीच हे. नंबर टाकायचं ते पान पुन्हा उघडून तळाशी बघा. फिकट करड्या अक्षरांत 'अमुकतर्फे सुरक्षित' असं काहीतरी दिसेल. ते अमुक म्हणजे कुर्तेवाले नव्हेत. दुकान त्यांचं, गल्ला भाड्याचा.

छोट्या ब्रँडांच्या साइटवर नंबर-पत्ता-पैसे हा शेवटचा टप्पा, म्हणजे चेकआउट, बऱ्याचदा तिसरीच कंपनी पुरवते. तिच्याकडे अशी असंख्य दुकानं असतात. तुम्ही कधीतरी कुठून तरी चप्पल घेतली असेल, फेसवॉश घेतला असेल. त्या दुकानाचं चेकआउटही याच कंपनीचं होतं. तेव्हा दिलेला पत्ता तुमच्या मोबाइल नंबराला जोडून तिच्याकडे राहिला. आता कुर्त्याच्या साइटवर तुम्ही ओटीपी बरोबर टाकलात, त्यावरून 'हीच ती व्यक्ती' एवढं तिला पटलं आणि तिने पत्ते काढून समोर ठेवले. कुर्तेवाल्यांना तुमचा पत्ता आधीपासून माहीत नव्हता. तुम्ही ऑर्डर केली असती तर मिळाला असता.

ओटीपी न मागता नुसत्या नंबरावर पत्ता दाखवला असता तर प्रकरण भयंकर होतं. मग तुमचा नंबर माहीत असलेला कोणीही घर शोधून काढू शकला असता. इथे निदान तेवढं कुलूप आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त चीड आणणारं आहे. आपल्याला वाटतं 'पुढे' बटण दाबल्यावर माहिती जाते. पुष्कळ साइटवर तसं नसतं. चौकटीत दहावा आकडा पडला की नंबर मागे सर्व्हरकडे गेलेला असतो. त्यानंतर तुम्ही निघून गेलात की तुमची नोंद 'सोडून दिलेली कार्ट' या यादीत पडते आणि त्या यादीला आपोआप मेसेज जातात.

सायसाखर
धन्यवाद, शून्य_एक. म्हणजे चप्पल घेताना मी कुर्त्यालाही परवानगी दिली होती?

शून्य_एक
ओटीपीच्या चौकटीखाली एक ओळ असते, 'पुढे जाताना तुम्ही आमच्या अटी व गोपनीयता धोरण मान्य करता'. त्यातल्या 'आमच्या' या शब्दात सगळी गोम आहे. तुम्ही चप्पलवाल्याला हो म्हणता आणि ते हो गल्लेवाल्याच्या खात्यात जमा होतं.

खलबत्ता
दुकानदाराची बाजू मांडतो. चिडू नका.

मी सांगलीहून कांदा-लसूण मसाला आणि चटण्या ऑनलाइन विकतो. घरचाच व्यवसाय. वर जे चेकआउट सांगितलं तसंच माझ्या साइटवरही आहे. का घेतलं? कारण माणूस मोबाइलवर पत्ता टाइप करायचा कंटाळा करतो आणि मधेच निघून जातो. पण खरं कारण त्याहून मोठं आहे, ते म्हणजे आरटीओ. गाडीचं ऑफिस नव्हे :-) रिटर्न टू ओरिजिन. आपल्याकडे बहुतेकांना कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) लागते. पार्सल सांगलीहून नागपूरला जातं, गिऱ्हाईक म्हणतं 'आता नको', पार्सल परत. जाण्याचं भाडं माझं, येण्याचंही माझं, आणि मसाल्याचं पाकीट फुटून आलेलं, पुन्हा विकता येत नाही.

तर या कंपन्या दुकानदाराला काय विकतात? प्रत्येक ऑर्डरीपुढे एक शेरा. धोका कमी, मध्यम, जास्त. हा शेरा त्या मोबाइल नंबराने आधी इतर दुकानांतून मागवलेली किती पार्सलं परत पाठवली, पत्ता नीट आहे की नुसतंच 'शाळेजवळ' लिहिलंय, अशा गोष्टींवरून ठरतो. 'जास्त' असेल तर त्या गिऱ्हाइकाला सीओडीचा पर्याय दिसतच नाही. तुम्हाला एखाद्या साइटवर 'कॅश ऑन डिलिव्हरी उपलब्ध नाही' असं आलं आणि त्याच सोसायटीतल्या शेजारणीला मात्र उपलब्ध दिसलं, तर हे कारण असू शकतं. तुम्हाला शेरा कोणी दाखवत नाही. मलाही फक्त शेरा दिसतो, हिशोब दिसत नाही.

आता मला काय काय दिसतं ते सांगतो. मोठ्या मार्केटप्लेसवर माल विकला तर ते आम्हाला हात राखून माहिती देतात, फोन नंबर तर सहसा झाकलेलाच. स्वतःच्या साइटवर मात्र सगळं उघडं. नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल, ईमेल, काय घेतलं, काय कार्टमध्ये टाकून सोडलं, कोणत्या जाहिरातीवरून आला. एक बटण दाबलं की याची एक्सेल फाइल होते. ती फाइल पॅकिंगला जाते, व्हॉट्सॲप मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला जाते, सीएकडे जाते, आणि जाहिरातवाल्याकडे जाते. तो ती मेटावर (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) चढवतो आणि म्हणतो, 'या लोकांसारखे आणखी लोक शोधा'. चढवताना नंबरांचं सांकेतिक रूप होतं हे खरं, पण जाहिरातवाल्याच्या लॅपटॉपवर ती फाइल साधीच पडलेली असते. मी आता त्याला फाइल मेल करत नाही. समोर बसवतो, माझ्या मशीनवरून चढवायला लावतो आणि चहा पाजून पाठवतो.

बोका
एवढं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल खलबत्ता यांना +१. चटणीची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नंबर मात्र देणार नाही =))

आबा_वाईकर
सर्व चर्चा वाचली. मला एक कळत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर यात लपवण्यासारखे काय आहे? आमच्या काळी टेलिफोनची डिरेक्टरी घरोघर असे. सगळ्या शहराची नावे, पत्ते, नंबर छापील. कोणाचे काही बिघडले नाही. उलट लग्नाच्या पत्रिका पाठवताना उपयोग होई. आताच्या पिढीला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो.

कैरी
आबा, राग मानू नका. डिरेक्टरीत बाई एकटी राहते हे लिहिलेलं नसायचं. ती दुपारी घरी असते, गेल्या महिन्यात तिने काय मागवलं, किती रुपयांचं मागवलं, रोख दिले की कार्डाने, हेही नसायचं.

मी एकटी राहते. मध्यंतरी पार्सल देऊन गेलेल्या मुलाचा रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला, 'हाय मॅम झोपलात का'. कंपनीकडे तक्रार केली. 'संबंधित व्यक्तीवर कारवाई केली आहे' असं उत्तर आलं. ठीक. पण त्याच्या फोनमधला माझा नंबर कोण पुसणार? आणि घर तर त्याने पाहिलेलंच आहे. आता मी पार्सलवर फक्त आडनाव टाकते आणि सोसायटीच्या गेटवर ठेवायला सांगते. वॉचमन काका चांगले आहेत म्हणून जमतं.

आबा_वाईकर
तुमचा अनुभव वाईट आहे. ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. काळजी घ्या.

शून्य_एक
@कैरी, काही कंपन्या यासाठी मधला नंबर वापरतात. डिलिव्हरीवाल्याला तुमचा खरा नंबर दिसत नाही, तो एका वेगळ्याच नंबराला फोन लावतो आणि कॉल तुमच्याकडे वळतो. पार्सल पोचलं की तो नंबर निकामी. तंत्र जुनं आहे आणि फार महागही नाही. सगळे का वापरत नाहीत, हे त्यांनाच विचारायला हवं.

टपालहमाल
मी कुरिअरच्या हबमध्ये, म्हणजे पार्सलं वेगळी करून पुढे धाडतात त्या केंद्रात, सुपरवायझर होतो, तिथलं सांगतो. सर्व्हरवरच्या डेटाची एवढी चर्चा चाललीय, पण खरी उघडी वही म्हणजे पार्सलवरचं लेबल. नाव, पत्ता, बऱ्याच लेबलांवर मोबाइल नंबर, सीओडी असेल तर रक्कम ठळक अक्षरांत, विक्रेत्याचं नाव, आणि पुष्कळदा आतल्या मालाचं वर्णनसुद्धा. एक पार्सल निघाल्यापासून घरी येईपर्यंत किती हातांतून जातं विचारा. विक्रेत्याचा पॅकर, उचलणारा, पहिला हब, लाइनहॉलची (एका शहरातून दुसऱ्या शहरात माल नेणारी) गाडी, दुसरा हब, शेवटचं सेंटर, डिलिव्हरीचा मुलगा, तुमचा वॉचमन. आणि शेवटी तुमचा कचरा. यांच्यापैकी कोणाच्याही हातात मोबाइल कॅमेरा आहेच. हबमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत असा नियम असतो, पाळला किती जातो ते माझ्यासारख्याला विचारू नका.

सीओडीच्या खोट्या पार्सलांचा धंदा यावरच चालतो. नाव-पत्ता खरा, रक्कम पाचशे-सातशेच्या आत, म्हणजे घरातला कोणीही 'तिने मागवलं असेल' म्हणून देऊन टाकतो. आत रद्दी किंवा फडकं. घरच्यांना सांगून ठेवा, जिने मागवलं तिला फोन केल्याशिवाय सीओडीचे पैसे द्यायचे नाहीत.

लेबलाचं काय करायचं: ते थर्मल कागदाचं असतं, त्यावर सॅनिटायझर चोळा. अक्षरं वाचता येईनाशी होतात. बारकोड आणि क्यूआरवरही चोळा. नाहीतर सरळ सोलून फाडा.

ढब्बूपैसा
टपालहमाल यांचा प्रतिसाद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला.

मी एक युक्ती करतो. पत्त्यातला 'लँडमार्क' हा रकाना प्रत्येक साइटला वेगळा देतो. आमच्या घरामागे वड आहे. एकाला 'वडाजवळ', दुसऱ्याला 'पिंपळाजवळ', तिसऱ्याला 'पाराजवळ'. पार्सल येतंच, कारण सगळे फोन करूनच येतात. मागे पोस्टाने एक जाड पाकीट आलं. आत एका प्रसिद्ध शॉपिंग कंपनीच्या नावाचं चकचकीत स्क्रॅच कार्ड. खरवडलं तर गाडी लागलेली! सोबत पत्र, मोठे शिक्के, 'हेल्पलाइन'चा मोबाइल नंबर, आणि गाडी सोडवायला आधी कर भरा म्हणून सूचना. पाकिटावर पत्ता: 'पिंपळाजवळ'. पिंपळ मी ज्या एका छोट्या साइटला दिला होता तिचा आणि त्या शॉपिंग कंपनीचा काडीचा संबंध नाही. साइटला मेल केला, उत्तर आलं, 'आम्ही ग्राहकांची माहिती कोणालाही विकत नाही'. विकली नसेलही. कुठून तरी गळली तर आहेच.

ईमेलला हीच युक्ती जीमेलवाल्यांना सोपी आहे. नावापुढे अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव जोडायचं, मेल तुमच्याच पेटीत येतो.

नीलमोहर
कमाल आहे, ढब्बूपैसा! पण खोटा पत्ता देणं गुन्हा नाही ना? नवीन कायद्यात ग्राहकालाही दंड आहे असं वाचलं होतं.

काळा_कोट
मला वाटलंच होतं, कोणीतरी कायदा काढणार. वकील आहे, पण हा सल्ला समजू नका, गप्पा समजा.

दंड आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्यात आपल्यावरही काही कर्तव्यं टाकली आहेत. दुसऱ्या कोणाच्या नावाने वावरू नका, खोट्या तक्रारी करू नका वगैरे. मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड. लँडमार्कमध्ये वडाचा पिंपळ केल्याने तुम्ही दुसरी व्यक्ती होत नाही, निश्चिंत राहा.

आता मुख्य गोष्ट. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर कायदा यायला २०२३चा ऑगस्ट उजाडला. त्याचे नियम अधिसूचित व्हायला २०२५चा नोव्हेंबर. आणि कंपन्यांवरची खरी बंधनं लागू होणार त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७च्या मे महिन्यात. तोपर्यंत बराचसा कारभार जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यावर आणि त्याच्या २०११च्या नियमांवर. त्या नियमांत 'संवेदनशील' माहिती म्हणजे पासवर्ड, बँक-कार्डाचा तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक अशी यादी आहे. नाव, पत्ता, मोबाइल नंबर तिच्यात नाहीत. सायसाखर यांचं प्रकरण त्यामुळे सध्या दोन पायऱ्यांच्या मधे अडकतं.

नव्या कायद्यात संमती मागताना कोणती माहिती, कशासाठी, हे साध्या भाषेत सांगावं लागेल. आणि ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. म्हणजे मराठीतही. मागून घ्या, लाजू नका. सुरक्षेत हयगय करून माहिती फुटली तर दंड २५० कोटींपर्यंत.

शून्य_एक
२५० कोटींतले आपल्याला किती?

काळा_कोट
शून्य, एक नव्हे, नुसतं शून्य. दंड सरकारच्या संचित निधीत जमा होणार. उलट, जुन्या कायद्यात ४३अ हे कलम होतं, त्याखाली ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता येत होती. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलमच वगळलं जाणार आहे. मला यातली ही गोष्ट सर्वात जास्त खटकते.

शून्य_एक
वा. २०२०मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती विक्रीला आली. २०२१मध्ये डॉमिनोजच्या १८ कोटी ऑर्डरींचा तपशील बाहेर आला, आणि कोणीतरी त्यावर चक्क शोधायचं पान बनवलं. नंबर टाका, कुठे कुठे पिझ्झा मागवला ते बघा. कार्डांची माहिती सुरक्षित आहे, असं तेव्हा कंपनीचं म्हणणं होतं. अहो, कार्ड बदलता येतं. घर कसं बदलणार?

कार्डांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने जमवून दाखवलंय. १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानांना तुमचा कार्ड नंबर साठवताच येत नाही. त्याजागी एक टोकन असतं, जे फक्त त्या दुकानापुरतं चालतं. चोरलं तरी दुसरीकडे उपयोग नाही. दुकानाला फार तर शेवटचे चार आकडे दिसतात. सुरुवातीला सगळे ओरडले, मुदत पुढे गेली, शेवटी झालंच. पत्त्यालाही असं टोकन हवं. दुकानाला कळू नये, फक्त कुरिअरला शेवटच्या टप्प्यात उलगडावं.

नीलमोहर
पोस्टाने डिजिपिन काढलाय ना २०२५मध्ये? दहा अक्षरांचा. तो दिला तर?

शून्य_एक
डिजिपिन म्हणजे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाचा नकाशावरचा पत्ता. तो लपवत काहीच नाही, उलट बोट ठेवून घर दाखवतो. रुग्णवाहिकेला उत्तम, कुर्तेवाल्याला कशाला?

ऱ्हाइनकाठ
जर्मनीत राहते, इथलं थोडं लिहिते. अवांतर वाटल्यास सोडून द्या.

इथे ऑनलाइन दुकानात खातं न उघडता 'पाहुणा' म्हणून खरेदी करायची पद्धत आहे. इथल्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांच्या परिषदेने २०२२च्या मार्चमध्ये ठरावच केला, की दुकानांनी सर्वसाधारणपणे हा पर्याय द्यायलाच हवा. एकदाच मोजे घेणाऱ्या माणसाचं कायमचं खातं कशाला? शिवाय युरोपच्या कायद्याप्रमाणे कोणत्याही दुकानाला लिहून विचारता येतं, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे ते सगळं द्या. एका महिन्यात द्यावं लागतं. मी एका कपड्यांच्या दुकानाला विचारलं होतं. भली मोठी फाइल आली. त्यात मी कोणते कपडे परत केले, का केले, कोणती साइज दोनदा मागवली, सगळं. मी विसरलेले प्रकारही त्यांच्या लक्षात होते.

नको ती माहिती मागण्यावरूनही इथे भांडतात. फ्रान्सच्या रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना 'श्री' की 'श्रीमती' हे सांगणं सक्तीचं होतं. एक संघटना कोर्टात गेली आणि युरोपच्या न्यायालयाने २०२५च्या जानेवारीत सांगितलं, तिकीट विकायला याची गरज नाही.

फार गोडवे गात नाही. कुकीच्या चौकटींवर 'मान्य' दाबून दाबून इथल्या लोकांचीही बोटं झिजलीत.

बोका
आमच्याकडे मॉलमध्ये रुमाल घ्यायला मोबाइल नंबर लागतो.

काळा_कोट
लागत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २०२३च्या मे महिन्यात दुकानदारांना कळवलंय, की नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही, अशी सक्ती करू नका. 'नाही देणार' म्हणा आणि कॅशिअरकडे शांतपणे बघत राहा. मागची रांग कुरकुरते, तेवढं सोसा.

आबा_वाईकर
एक विचारायचे राहिले. मला परवा फोन आला, 'तुमचे पार्सल आले आहे, पत्ता सापडत नाही, डिलिव्हरी बॉयशी बोलण्यासाठी अमुक आकडे डायल करा'. आकड्यांच्या सुरुवातीला तारा होता. माझे नाव व घराचा पत्ता त्यास बरोबर माहीत होता. मी काहीच मागवले नव्हते म्हणून फोन ठेवला. हा काय प्रकार?

टपालहमाल
आबा, बरं केलंत. ते आकडे डायल केले असते तर तुमचे येणारे कॉल त्या भामट्याच्या नंबरावर वळले असते. मग बँक ओटीपी फोनवरून सांगते तेव्हा तो त्याला ऐकू गेला असता. कोणी चुकून डायल केलंच तर ##००२# डायल करावं, वळवलेले सगळे कॉल बंद होतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. कुरिअरवाला तुम्हाला कधीही काहीही डायल करायला सांगत नाही.

आबा_वाईकर
आभारी आहे. डिरेक्टरीबद्दलचे माझे म्हणणे अंशतः मागे घेतो.

सायसाखर
ताजी खबर. काळा_कोट यांनी व्यनित सुचवल्याप्रमाणे कुर्तेवाल्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो, हेही लिहिलं. पोच आली. उत्तर असं, की 'आपली माहिती आमच्याकडे नाही, चेकआउट कंपनीशी संपर्क साधावा'. व्हॉट्सॲपच्या यादीतून मात्र काढलं.

चेकआउट कंपनीच्या साइटवर 'माझी माहिती पुसा' असा अर्ज सापडला, तोही तीन पानं खाली. ओटीपी देऊन भरला. दोन्ही पत्ते गेले, तपासून पाहिलं. पण 'हा पत्ता तुम्हाला कोणत्या दुकानातून मिळाला' या प्रश्नावर एकच साचेबंद उत्तर पुन्हा पुन्हा येतंय, 'आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे'. मे २०२७ नंतर तरी सांगावं लागेल का?

काळा_कोट
इथे जरा थांबून वाचा, बहुतेकांच्या हे लक्षात आलेलं नाही. नव्या कायद्याच्या ११व्या कलमाने तुम्हाला विचारता येईल की माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचं काय करता, आणि ती तुम्ही कोणाकोणाला दिली. त्या सगळ्यांची नावं द्यावी लागतील. पण ती तुमच्याकडे कुठून आली, हे सांगण्याचं बंधन त्या कलमात नाही. नदी कुठे जाते हे विचारता येईल, उगम विचारता येणार नाही.

ऱ्हाइनकाठ
युरोपच्या कायद्यात उगमही आहे. माहिती थेट तुमच्याकडून घेतली नसेल तर ती कुठून आली, याबद्दल जे काही ठाऊक असेल ते सांगावं लागतं.

काळा_कोट
बरोबर, म्हणून आपल्याकडे उलटीकडून जावं लागेल. गल्लेवाल्याला 'कुठून' विचारण्याऐवजी ज्या ज्या दुकानांतून घेतलंय त्या प्रत्येकाला 'कोणाला दिलंत' विचारायचं. कटकट आहे, पण पिंपळ सापडेल. दुकान हे मूळ जबाबदार, बाकीचे त्याच्या वतीने काम करणारे. 'ते चेकआउटवाले बघतात' हे उत्तर कायद्याला चालणार नाही.

शिवाय ज्या ई-कॉमर्स कंपन्यांचे नोंदणीकृत वापरकर्ते दोन कोटी किंवा जास्त आहेत, त्यांना तुम्ही तीन वर्षं फिरकलाच नाहीत तर तुमची माहिती पुसावी लागेल, आणि पुसण्याआधी ४८ तास कळवावं लागेल. छोट्यांना हा तीन वर्षांचा ठरावीक नियम नाही. पण काम संपलं की पुसायचं, हे तत्त्व त्यांनाही लागू आहेच.

ढब्बूपैसा
मेलचा मसुदा टाका हो कोणीतरी. सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

काळा_कोट
घ्या. 'माननीय तक्रार निवारण अधिकारी, मी आपल्या दुकानातून खरेदी केली आहे. माझा नोंदणीकृत मोबाइल नंबर हा. माझी कोणकोणती वैयक्तिक माहिती आपल्याकडे आहे, ती कोणत्या कामासाठी वापरली जाते, आणि ती आपण आजवर कोणत्या कंपन्यांना किंवा व्यक्तींना दिली, त्यांची नावे कळवावीत. जाहिरातीसाठी दिलेली माझी संमती मी मागे घेत आहे. बिलासाठी कायद्याने ठेवणे आवश्यक आहे तेवढी माहिती वगळता इतर माहिती पुसून तसे लेखी कळवावे.' आधारची प्रत, पॅनची प्रत जोडू नका. मागितली तरी देऊ नका, त्याच नंबरावर ओटीपी पाठवून ओळख पटवा म्हणा. नाहीतर माहिती पुसायला गेलात आणि आणखी देऊन आलात. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

कैरी
पाठवला तीन ठिकाणी. बघू.

खलबत्ता
असा मेल उद्या मलाच आला तर, म्हणून यादी करायला बसलो. साइट चालवणारी कंपनी. चेकआउट. पेमेंट गेटवे. कुरिअर जोडून देणारी कंपनी, आणि तिच्यामागची चार कुरिअर. व्हॉट्सॲपवाले. ईमेलवाले. मेटा, गूगल. जाहिरातवाला. सीए आणि त्याच्या ऑफिसातली दोन मुलं. पॅकिंगला येणाऱ्या मावशींचा मुलगा, कारण आमचा प्रिंटर बिघडल्यापासून लेबलं त्याच्या फोनवरून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. म्हणजे झेरॉक्सवालाही आला.

काळा_कोट, या पोराचं आणि झेरॉक्सवाल्याचं नावही ग्राहकाला कळवायचं का?

काळा_कोट
पोरगा पगारावर असेल तर तो तुमचाच माणूस, वेगळं नाव नको. झेरॉक्सवाला यादीत येतो. प्रिंटर दुरुस्त करा.